क्रेस्ट म्हणजे काय हो, ताई?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. काउंटरवर उभ्याउभ्या हे सांगता येत नाही. मागे कुणीतरी स्नेहसंमेलनाच्या ढाली न्यायला रिक्षा थांबवून आलेलं असतं, आतून बफिंगच्या मोटरचा आवाज येत असतो, आणि माझं उत्तर 'तसं नाही हो ते' एवढ्यावरच संपतं. मग गिऱ्हाइकाला वाटतं, बाईंना काम नकोय.

प्रश्न दोन असतात आणि जोडीनेच येतात. पहिला, 'क्रेस्ट म्हणजे नक्की काय?' आणि दुसरा, 'आमच्या आडनावाचा क्रेस्ट असेलच ना, तो पितळेत करून मिळेल का?' दुसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या मोबाईलवर बहुतेक वेळा एक चित्र तयारच असतं: लाल ढाल, सोनेरी सिंह, वर पोलादी टोप, खाली फितीवर देशपांडे किंवा कुलकर्णी. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने ते कुठूनतरी विकत घेतलेलं असतं, आणि वास्तुशांतीला भिंतीवर लावायचं ठरलेलं असतं.

आमचं दुकान पुण्याच्या कॅम्पात. बाबांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. पितळी पाट्या, कप, मेडलं, ब्लेझरचे बिल्ले, आणि लष्करातल्या युनिटांसाठी लाकडी पाटीवर बसवलेली चिन्हं. साहेब निवृत्त झाले किंवा बदलून गेले की भिंतीवर टांगायचं जे स्मृतिचिन्ह देतात, त्याला इकडे सगळे 'क्रेस्ट' म्हणतात. शाळेच्या ब्लेझरच्या खिशावर असतो तोही क्रेस्ट. क्लबच्या कपबशीवर असतो तोही. माझ्या ऑर्डरच्या वहीत हा शब्द पानोपानी आहे, आणि त्यातला जवळजवळ एकही मूळ अर्थाने क्रेस्ट नाही.

क्रेस्ट म्हणजे तुरा. युरोपातल्या सरदाराच्या शिरस्त्राणावर, वर टाळूच्या जागी, उभा केलेला तुरा. बस्स. खालची ढाल म्हणजे क्रेस्ट नाही. ढालीवरचा सिंह नाही. दोन्ही बाजूंनी ढाल धरून उभे असलेले घोडे, हरणं, रानटी माणसं तीही नाहीत, आणि तळाच्या फितीवरचं लॅटिन वचन तर नाहीच. या सगळ्या लवाजम्याला मिळून 'कोट ऑफ आर्म्स' म्हणायची रीत आहे. त्यातला 'कोट' खरोखरच अंगात घालायचा कोट: चिलखतावरून चढवायचा बिनबाह्यांचा अंगरखा, ज्यावर ढालीवरचंच चित्र पुन्हा भरलेलं असायचं. अंगावर कोट, हातात ढाल, डोक्यावर टोप, आणि टोपावर क्रेस्ट.

लॅटिनमध्ये 'क्रिस्टा' म्हणजे कोंबड्याचा तुरा. पक्ष्याच्या डोक्यावरचा पिसांचा झुबकाही क्रिस्टाच, आणि रोमन सैन्यातले सेंच्युरियन हे अंमलदार शिरस्त्राणावर आडवा झुबका लावायचे तोही क्रिस्टाच. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत उतरला. आपलं मराठीतही तसंच आहे. कोंबड्याला तुरा, बुलबुलाला तुरा, उसाला तुरा, पगडीत मोत्यांचा तुरा. वर्तमानपत्रवाले तर रोज कुणाच्या ना कुणाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवत असतात. त्यामुळे मराठी माणसाला क्रेस्ट समजावायला खरं म्हणजे एक मिनिट पुरतं. अडचण त्यापुढे सुरू होते, कारण माणूस म्हणतो, 'मग सगळे ढालीला क्रेस्ट का म्हणतात?' त्याचं उत्तर माझ्याच धंद्यात दडलेलं आहे. पण आधी ढालीकडे बघू, कारण ढाल आधी आली आणि तुरा मागून.

१०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत, इंग्लंडवर चालून आलेला नॉर्मंडीचा विल्यम मेला अशी आवई उठली. ती लढाई ज्या लांबलचक भरतकामाच्या पटावर दाखवली आहे, त्यात विल्यम डोक्यावरचा टोप मागे सारून स्वतःचं तोंड आपल्या माणसांना दाखवतो आहे. म्हणजे तोपर्यंत नुसत्या ढालीवरून माणूस ओळखू येत नव्हता. त्या पटावरच्या ढालींवर चित्रं आहेत, पण ती कुणा एकाची अशी ठरलेली नाहीत.

पुढच्या शंभर वर्षांत ते ठरत गेलं. फ्रान्समध्ये ल मान्स इथे एक मीनाकामाची पाटी आहे, आंजू प्रांताचा सरदार जेफ्री याच्या थडग्यावरची. जेफ्री वारला ११५१ साली. पाटी दोन फूट उंच, तांब्याची. पत्र्यात खोलगट जागा कोरायच्या, त्यात रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत भाजायची आणि मग घासून सपाट करायची. आम्ही बिल्ल्यांवर आज जे करतो त्याचाच हा थोरला नमुना. आमच्याकडे काचेऐवजी रेझिन असतं, आणि भट्टीऐवजी हिटरचं कपाट. (खरं मीनाकाम करणारा कारागीर आता मला जयपूरहून मिळतो, तोही सवडीने.) त्या पाटीवर जेफ्रीच्या हातात निळी ढाल आहे आणि तिच्यावर सोनेरी सिंह. त्याचा नातू विल्यम लाँगस्पे याची समाधी इंग्लंडमधल्या सॉल्सबरी कॅथेड्रलमध्ये आहे, आणि तिथल्या पुतळ्याच्या ढालीवर तेच सिंह आहेत. आजोबांची खूण नातवाकडे आली. खूण वारशाने चालू लागली की त्याला हेराल्ड्री म्हणायचं. त्याआधीची ती नुसती नक्षी.

जेफ्रीच्या पाटीवर आणखी एक गंमत आहे. त्याच्या डोक्यावर टोकदार टोपी आहे आणि टोपीवरही एक सिंह काढलेला आहे. तो चपटा आहे, टोपीच्या अंगावरच, म्हणून त्याला तुरा म्हणता येणार नाही. पण ढालीवरचा सिंह वर चढायला लागला होता हे दिसतं. ११९८ च्या सुमाराला इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने नवी राजमुद्रा करवली. तिच्यात राजा घोड्यावर आहे, ढालीवर तीन सिंह आहेत, आणि शिरस्त्राणावर पंख्यासारखं काहीतरी उभं आहे, त्यावर पुन्हा सिंह. हा झाला तुरा.

यानंतर तुऱ्याला पंख फुटले. दोनशे वर्षं सरदारांच्या डोक्यांवर काय काय उगवलं त्याला सुमार नाही. रेड्याची शिंगं, हंसाच्या माना, मासे, चाकं, माणसांची मुंडकी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकमध्ये तयार झालेली एक सचित्र पोथी हायडेलबर्ग विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. तिच्यात जर्मन कवी-सरदारांची शंभरावर चित्रं आहेत. उलरिश फॉन लिश्टेनश्टाइन नावाचे गृहस्थ त्यात घोड्यावरून निघाले आहेत आणि त्यांच्या शिरस्त्राणावर चक्क व्हीनस देवी बसली आहे.

लढाईत असलं काही डोक्यावर घेऊन कुणी जात नसे. गेलाच तर क्वचित. तुऱ्याची खरी जागा म्हणजे टूर्नामेंट, सरदारांचे जाहीर सामने. तिथे टोपाने सगळं तोंड झाकलेलं, प्रेक्षक लांब बसलेले, म्हणून माणूस उंचावरच्या खुणेवरून ओळखायचा. हे तुरे धातूचे असतील अशी माझ्या गिऱ्हाइकांची पक्की समजूत असते. धातूचा तुरा घेऊन कुणाची मान टिकणार? ते करायचे चामड्याचे, लाकडाचे, कापडाचे, पिसांचे. ओलं चामडं साच्यावर बसवून कडक करायचं, वर लेप द्यायचा, लेपावर रंग आणि सोन्याचा वर्ख.

असा एक खरा तुरा आजही शाबूत आहे. कँटरबरी कॅथेड्रलमध्ये ब्लॅक प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा राजपुत्र एडवर्ड पुरलेला आहे, १३७६ साली वारला. त्याच्या समाधीवर त्याची ढाल, अंगरखा, हातमोजे, तलवारीचं म्यान आणि टोप टांगलेले होते. टोपावर सिंह: चामड्याचा, आतून पोकळ, चार पायांवर उभा. आता मूळ वस्तू काचेत ठेवल्या आहेत आणि समाधीवर प्रतिकृती लटकतात. त्या सिंहाचा फोटो मी मोठा करून बघितला. सोनं उडालंय, लेपाचे पोपडे गेलेत, आणि खालचं काळं पडलेलं चामडं दिसतंय. सहाशे वर्षांहून जुना, चपलेच्या जातीचा माल. आमच्या पितळेवरची लॅकर मुंबईच्या दमट हवेत पाच वर्षंसुद्धा धड टिकत नाही.

सामन्यांतला एक प्रकार तर तुऱ्यावरच खेळला जायचा. बोथट तलवारी आणि गदा घेऊन दोन फळ्या एकमेकींवर तुटून पडायच्या, आणि समोरच्याचा तुरा उडवायचा. पंधराव्या शतकात आंजूचा रेने याने सामने कसे भरवावेत यावर सचित्र ग्रंथच लिहिला. त्यात सामन्याआधीचा एक विधी आहे. सगळ्यांचे टोप तुऱ्यांसकट मठाच्या ओवरीत मांडून ठेवायचे, मग घरंदाज स्त्रियांनी तिथून फेरी मारायची. कुणी सरदार बायकांबद्दल वाईटसाईट बोलला असेल, तर त्या स्त्रीने त्याच्या तुऱ्याला नुसता हात लावायचा. दुसऱ्या दिवशी मैदानात त्याला बाकीचे बडवून काढत. हा विधी मला फार आवडतो. त्याचं एक कारण असं की इंग्लिश हेराल्ड्रीत बायकांना स्वतःचा तुरा मिळतच नाही. राणीची गोष्ट वेगळी. बाकीच्या बायका सामन्यात उतरत नाहीत, टोप घालत नाहीत, मग तुरा कशावर लावणार, असा तो हिशोब. ढालीऐवजी त्यांना शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट देत. म्हणजे दिवसभर तुरे घडवणारी मी, पण नियमाने मला तुरा नाही.

आता एक बारीक जागा दाखवते. पुढच्या वेळी कुठलंही विलायती चिन्ह पाहाल तेव्हा टोप आणि तुरा यांच्या मधली आडवी पट्टी बघा. तिरप्या रेघांची, दोन रंग आलटून पालटून. गिऱ्हाइकं तिला दोरखंड म्हणतात. तो पीळ आहे, रेशमी कापडाच्या दोन रंगांचा, पगडीला घालतात तसा. तुरा टोपाला बांधला की जोड दिसतो, तो झाकायला हा पीळ. मागून कापड खाली सोडलेलं असतं, उन्हाने लोखंड तापू नये म्हणून. चित्रात त्याच्याच चिंध्यांची पुढे पानंफुलं झाली. पिळाचे साधारण सहा वळसे दाखवायचे आणि पहिला वळसा, बघणाऱ्याच्या डावीकडचा, धातूचा म्हणजे सोनेरी किंवा रुपेरी असला पाहिजे. दोन इंची पितळी पत्र्यावर ॲसिडने हे सहा वळसे उतरवायचे तर रेघा एकमेकींत मिसळतात, म्हणून आमचा कारागीर चार करतो आणि म्हणतो, 'ताई, कोण मोजतंय.' मी मोजते. चाराचा पत्रा परत जातो.

तुरा डोक्यावर होता तोवर त्याला वजनाचा, वाऱ्याचा, फटक्याचा धाक होता. सामने बंद पडले आणि तुरा नुसता कागदावर उरला, तेव्हा तो धाक गेला. १५८१ साली सर फ्रान्सिस ड्रेकला पृथ्वीप्रदक्षिणेबद्दल चिन्ह मिळालं. त्याचा तुरा असा: पृथ्वीचा गोल, त्यावर एक जहाज, आणि ढगांतून आलेला हात दोरीने ते जहाज गोलावरून ओढतो आहे. हे कुठल्या टोपावर बसवायचं? ढग कशाचे करायचे? चित्रकाराने विचारच केलेला नाही, कारण त्याला घडवायचं नव्हतंच. त्या मानाने शेक्सपिअरचं चिन्ह मला सुबक वाटतं. १५९६ साली नाटककाराचे वडील जॉन, स्ट्रॅटफर्डचे हातमोजे करणारे, यांच्या नावाने ते मंजूर झालं. सोनेरी ढालीवर काळा तिरपा पट्टा, त्यावर भाला. 'स्पिअर' म्हणजे भाला, तेव्हा आडनावावरचा विनोद ढालीवरच मांडलेला. वर तुरा म्हणून पंख पसरलेला रुपेरी ससाणा, पायात भाला धरून. करायला घेतला तर दोन दिवसांत होईल. काही वर्षांनी दुसऱ्या एका हेराल्डने, म्हणजे चिन्हांचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याने, तक्रार केली की असल्या नाटकवाल्यांना चिन्हं कशाला वाटताय! मान मिळाला की कुरकुरणारे तिथेही होतेच.

आणि आता नेल्सन, इंग्रज आरमाराचा सेनानी. याच्याकडे मी मुद्दाम थांबते, कारण इथे त्यांचा तुरा आणि आपला तुरा खरोखर एकत्र आले.

१ ऑगस्ट १७९८ ला नाईलच्या मुखाशी नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवलं. इजिप्त तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली, आणि तिथे फ्रेंच घुसलेले. सुलतान तिसरा सेलीम खूश झाला आणि त्याने नेल्सनला 'चेलेंक' पाठवला. चेलेंक म्हणजे पागोट्यात खोवायचा हिऱ्यांचा तुरा. मोगलांकडे जिगा, आपल्याकडे शिरपेच-कलगी, तसाच. तेरा हिरेजडित काड्या फुलासारख्या उमललेल्या, आणि मधला हिऱ्याचा तारा किल्ली दिली की फिरायचा, आत घड्याळासारखं यंत्र होतं. नेल्सन तो आपल्या आरमारी टोपीवर लावून मिरवायचा. तसं त्याचं चित्रही आहे. इतक्यावर थांबलं असतं तर ती नुसती भेटवस्तू राहिली असती. पण इंग्लंडात त्याच्या चिन्हात तो चेलेंक तुरा म्हणून रीतसर दाखल झाला. आधीच्या वर्षी स्पेनशी झालेल्या लढाईबद्दल त्याला पकडलेल्या जहाजाच्या मागच्या बाजूचा तुरा मिळालेला होता, तोही राहिला. डोकं एक, तुरे दोन.

यात मला दिसतं ते असं. आपल्याकडे आणि तुर्कांकडे तुरा ही मानाची गोष्ट होती. धन्याने दरबारात मानाची वस्त्रं द्यायची, त्यांत शिरपेच, कंठी, मोत्यांचा तुरा असायचा. तो मान त्या माणसाचा, त्या कामगिरीचा. मुलाने आपला तुरा स्वतः मिळवायचा. युरोपात तोच तुरा वारसाहक्काची खूण झाला. नेल्सनचा चेलेंक सुलतानाच्या हातून निघाला तेव्हा मान होता, लंडनला पोचला आणि वंशपरंपरेचा झाला. नेल्सनला औरस मुलगा नव्हता, तेव्हा किताब भावाकडे गेला आणि त्याबरोबर हा तुराही. मूळ दागिना शेवटी ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आला, आणि १९५१ साली तिथून चोरीला गेला. परत सापडला नाही. चिन्हाच्या चित्रात मात्र तो अजून उभा आहे.

तर, ढालीला क्रेस्ट का म्हणायला लागले? चमच्यांमुळे. मी तरी असंच म्हणेन.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या खानदानी घरांत प्रत्येक वस्तूवर घराण्याची खूण हवी असायची: चमचे, काटे, बग्गीचं दार, नोकरांच्या कोटाची बटणं, अंगठी, पत्राचा कागद. चमच्याच्या दांड्यावर जागा किती? नखाएवढी. तिथे ढाल, टोप, दोन घोडे आणि वचन कोरायला गेलं तर नुसता डाग दिसतो. मग कोरीवकाम करणारे सरळ वरचा तुराच उचलायचे. पीळ आणि त्यावर एक ससाणा, झालं. नोकरचाकर, दुकानदार, पाहुणे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिवसरात्र तुराच. सगळं चिन्ह दिसायचं ते दिवाणखान्याच्या भिंतीवर किंवा चर्चमध्ये, तेही कधीतरी. मग घराण्याच्या खुणेचं नावच 'क्रेस्ट' पडलं यात नवल नाही. १८५९ साली एडिंबरोच्या जेम्स फेअरबेर्न याने निव्वळ तुऱ्यांचा जाडजूड संग्रह काढला, आडनावांच्या क्रमाने. कोरणाऱ्यांना ते फार सोयीचं. गिऱ्हाईक आलं, आडनाव सांगितलं, पान उघडलं, कोरून दिलं. त्या गिऱ्हाइकाचा त्या तुऱ्याशी संबंध आहे का, हे कोण विचारणार? आडनावाचा क्रेस्ट या प्रकाराची पायवाट अशी माझ्याच जातीच्या दुकानदारांनी पाडली.

पुढे पोरांनी पत्रांवरचे तुरे कापून वहीत चिकटवायचा छंद काढला. मग स्टोक-ऑन-ट्रेंटच्या गॉस कंपनीने गावोगावची चिन्हं छापलेली छोटी चिनी मातीची भांडी आणली, सहलीची आठवण म्हणून. त्यांवर असायच्या बहुतेक ढाली, तरी बाजारात नाव पडलं 'क्रेस्टेड चायना'. शब्द घसरला तो घसरलाच.

आता आडनाव. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सला १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने सनद दिली, आणि इंग्लंड-वेल्समध्ये आजही चिन्हं तेच देतात. त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे: आडनावाचं चिन्ह अशी वस्तूच नसते. चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या औरस पुरुषवंशाकडे जातं. तुमचं आडनाव स्मिथ आहे म्हणून कुठल्याशा स्मिथची ढाल तुमची होत नाही. स्कॉटलंड त्याहून कडक. तिथे १६७२ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची झाली, आणि लॉर्ड लायन या तिथल्या चिन्हांच्या मुख्य अधिकाऱ्याचं तर आजही खरंखुरं न्यायालय आहे, फिर्यादी वकिलासकट. एका वेळी एका चिन्हाचा एकच धनी. स्कॉटिश माणसाच्या टोपीवर पट्टा आणि बक्कल यांच्या वर्तुळात जो तुरा दिसतो, तो त्या क्लॅनच्या, म्हणजे कुळाच्या, प्रमुखाचा. पट्ट्याचा अर्थ असा, की मी त्याचा माणूस आहे. प्रमुख स्वतः पट्टा लावत नाही, तो तीन गरुडपिसं लावतो.

हे इतकं ऐकून झाल्यावर गिऱ्हाईक विचारतं, 'आणि आपलं?'

आपल्या आडनावांचं सांगायचं तर देशपांडे हा हुद्दा. परगण्याचा हिशोब ठेवणारा तो देशपांडे, गावाचा ठेवणारा तो कुलकर्णी. एकमेकांशी नातं नसलेली, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली, वेगवेगळ्या गोत्रांची शेकडो घराणी एकाच आडनावाची. त्या सगळ्यांचा मिळून एक लाल ढालीवरचा सिंह? मोबाईलवरचं ते चित्र कुणीतरी साच्यात आडनाव बदलून काढलेलं असतं. पन्नास डॉलर घेतलेले असतात, तेव्हा मी जरा बेताने सांगते.

मराठी राज्यात खूण चालायची ती शिक्क्याची. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा, 'प्रतिपच्चंद्रलेखेव' या शब्दाने सुरू होणारी, आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव आणि मग आपलं. पत्राच्या शेवटी मोर्तब. युद्धात निशाण, जरीपटका. यातलं काहीही ढालीवर रंगवून मुलाला वारशात देण्यातलं नव्हतं.

विलायती थाटाची चिन्हं आपल्या संस्थानिकांकडे आली ती बरीचशी १८७७ च्या दिल्ली दरबारात. व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करायचा तो सोहळा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने ठरवलं की प्रत्येक राजाला रेशमी निशाण द्यायचं, त्यावर त्याचं चिन्ह. ती काढायचं काम बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याकडे. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याकडेही अशा रीतीने ढाली आल्या. त्या ढालींत आपलं काही उतरलं ते आधीपासून घराण्यात होतं म्हणून, जसा शिंद्यांचा नाग. गायकवाडांचं 'जीन घर जीन तख्त' हे वचन मला तर कुठल्याही लॅटिन फितीपेक्षा ठसठशीत वाटतं. खोगीर हेच घर, खोगीर हेच सिंहासन. इतकं घोड्यावरचं वचन खुद्द त्या घोडेस्वारांच्या युरोपात मला आढळलं नाही.

मग तुमच्या भिंतीसाठी काय? मला विचाराल तर देवक. लग्नात देवक बसतं तेव्हा आपण ते पाहतो आणि मांडव निघाला की विसरतो. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस, कुणाची तलवार. ते आडनावाचं नसतं, कुळाचं असतं, आणि ते वंशपरंपरेने चालतं. एक देवक असलेल्यांत सोयरीक करत नाहीत, म्हणजे विलायती ढालीहून त्याचा कायदा जास्त कडक. कुणी ते ढालीवर रंगवलं नाही कधी, म्हणून त्याला हेराल्ड्री म्हणता येणार नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मिळेल अशी आपली खूण तीच.

नौदलवाले मात्र क्रेस्टच म्हणणार आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही. प्रत्येक युद्धनौकेला आपला क्रेस्ट असतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'इंफाळ' २०२३ मध्ये नौदलात आली, तिच्या क्रेस्टवर कांगला महाल आणि कांगला-शा हा मणिपूरच्या पुराणकथांतला राखणदार प्राणी आहे. ब्रिटिश नौदलाने १९१८ पासून जहाजांच्या चिन्हांची रीतसर व्यवस्था लावली तेव्हा त्यांना 'बॅज' म्हटलं, आणि काटेकोरपणे तेच बरोबर, कारण जहाजाला ना डोकं ना टोप. पण गोदीत कुणी बॅज मागायला येत नाही. मीही बिलावर 'क्रेस्ट, ब्रास, आठ इंच' असंच लिहिते. तसं नाही लिहिलं तर अकाउंट्सवाले बिल परत पाठवतील.

तेव्हा, या खुशाल. देवकाचं करायचं असेल तर नेटवरचं चित्र आणू नका, खरं पान आणा, ताजं, देठासकट, वर्तमानपत्रात दाबून. पानाच्या शिरा बघूनच डाय, म्हणजे ठशाचा साचा, चांगली निघते. तुरा हवाच असेल तर तोही करू. पीळ सहा वळशांचा, पैसे थोडे जास्त पडतील. आणि देशपांड्यांचा सिंह आणलात तर तोही करून देईन, नाही म्हणणार नाही, फक्त पाटीवर 'स्थापना १३५०' वगैरे कोरायला सांगू नका. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आम्ही नवीन ऑर्डर घेत नाही.